लग्नाचा वाढदिवस आणि अनोळखी किनारा : पुण्याहून कारवार ते उडुपी सहलीचे नियोजन

लग्नाच्या वाढदिवसाला समुद्रावर जायचे ठरले की पुण्यातल्या बहुतेक घरांत दिवेआगर, गणपतीपुळे किंवा तारकर्ली यांपैकीच एखादे नाव पुढे येते. हे किनारे सुंदर आहेतच; पण ते एकदा मुलांबरोबर आणि एकदा नातेवाइकांबरोबर पाहून झालेले असतात. यावेळी फक्त दोघांनीच जायचे आहे आणि जिथले रस्ते, पाट्या नि पदार्थ दोघांनाही सारखेच नवे आहेत अशा ठिकाणी जायचे आहे, असे वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यासाठी मी कर्नाटकाचा उत्तर किनारा निवडला आहे. गोव्याची हद्द संपल्यावर माजाळीपासून सुरू होणारा आणि कारवार, अंकोला, गोकर्ण, कुमठा, होन्नावर, भटकळ, कुंदापूर असा उडुपी-मालपेपर्यंत जाणारा हा सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा पट्टा आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि कोकण रेल्वे हे दोन्ही त्याला लागून जातात, म्हणून तो अनोळखी असला तरी अवघड नाही. मात्र त्याचे स्वतःचे वेळापत्रक आहे, आणि नियोजनाची सुरुवात तिथूनच करावी लागते.

आधी तारीख, मग ठिकाण

लग्नाची तारीख आपल्याला बदलता येत नाही आणि समुद्राचा हंगामही बदलता येत नाही. आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे बहुतेक मराठी जोडप्यांचे वाढदिवस तुळशीच्या लग्नानंतरच्या नोव्हेंबर-डिसेंबरात किंवा फेब्रुवारी ते जून या काळात येतात, आणि या दोन गटांसाठी सहलीची आखणी वेगळी असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. आकाश स्वच्छ असते, समुद्र शांत असतो, होड्या चालू असतात आणि सकाळ-संध्याकाळ सुखद असते. तरीही या काळात तीन तारखा टाळाव्यात. नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात गोकर्णला खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाडे कितीतरी वाढलेले असते. महाशिवरात्रीला गोकर्णच्या महाबळेश्वर मंदिराची मोठी यात्रा असते. तिसरी तारीख आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते : उडुपीच्या श्रीकृष्ण मठाची पूजा आठ मठांकडे आळीपाळीने दोन-दोन वर्षे असते, आणि सम इसवी सनाच्या १८ जानेवारीला तो कारभार एका मठाकडून दुसऱ्याकडे जातो. या सोहळ्याला पर्याय म्हणतात. तो पाहायचाच असेल तर काही महिने आधी आरक्षण करावे. निवांतपणा हवा असेल तर तो आठवडा सोडून द्यावा.

मार्च ते मे या काळातही सहल नक्की करता येते, परंतु दमटपणा पुण्याच्या माणसाला अपेक्षेपेक्षा जास्त थकवतो. पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो; किनाऱ्यावर मात्र घाम वाळतच नाही. सकाळी साडेदहानंतर दुपारी चारपर्यंत बाहेर काहीही ठेवू नये आणि वातानुकूलित खोलीवर काटकसर करू नये.

जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मात्र किनारा-सहल म्हणून इकडे येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मालपेजवळच्या सेंट मेरी बेटाच्या होड्या आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटालगतचे स्कूबा डायव्हिंग बंद असते, पाण्यात उतरणे धोक्याचे असते, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताजी खोल समुद्रातली मासळीही मिळत नाही. रस्त्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातल्या शिरूर येथे डोंगर महामार्गावर कोसळला आणि माणसे मृत्युमुखी पडली. वाढदिवस जूनमध्ये असेल तर त्या दिवशी घरी छान जेवण करावे आणि सहल ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरात काढावी.

दोघांनी वेगवेगळे लिहावे

ठिकाणांची यादी करण्यापूर्वी दोघांनी स्वतंत्र कागदावर, एकमेकांना न दाखवता, तीन गोष्टी लिहाव्यात : काय करायला फार आवडेल, काय अजिबात नको आणि दिवसाला किती तास गाडीत बसणे चालेल. एकाला देवळे पाहायची असतात आणि दुसऱ्याला पुस्तक घेऊन वाळूवर पडून राहायचे असते. एकाला पाण्याची भीती असते आणि दुसऱ्याने मनात डायव्हिंग ठरवून टाकलेले असते. हे मतभेद पुण्यात जेवणाच्या टेबलावर निघाले तर पाच मिनिटांत मिटतात. प्रवासात निघाले तर अख्खा दिवस नासतो. जोडीदाराला अचंबित करण्याची इच्छा असेल तर ती एखाद्या छोट्या गोष्टीपुरती ठेवावी, जसे संध्याकाळची होडी किंवा आवडीचा पदार्थ. संपूर्ण सहलच गुपित ठेवू नये, कारण ज्याला काहीच सांगितलेले नाही त्याला कपडे, औषधे, रजा यांपैकी कशाचीच तयारी करता येत नाही.

प्रत्यक्ष वाढदिवसाच्या दिवशी सामान बांधून गाव बदलायचे नाही, हा एक नियम मात्र मोडू नये. तो दिवस दुसऱ्या मुक्कामात यावा, म्हणजे लांबच्या प्रवासाचा शीण गेलेला असतो आणि परतीचे विचार सुरू झालेले नसतात.

जायचे कसे

स्वतःच्या गाडीने जायचे असेल तर सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी असा मार्ग धरून पुढे येल्लापूरवरून अरबैल घाटाने अंकोल्याला उतरावे. पुण्याहून अंकोला सुमारे साडेपाचशे किलोमीटर पडते. हे अंतर एका दिवसात कापणारे लोक आहेत. मी तसे सुचवणार नाही. दहा तासांहून अधिक गाडी चालवून संध्याकाळी अवजड ट्रकांच्या रांगेत घाट उतरायचा आणि अंधारात अनोळखी गावात मुक्काम शोधायचा, ही वाढदिवसाच्या सहलीची सुरुवात नव्हे. पहिली रात्र बेळगाव किंवा धारवाडला काढावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात घाट उतरावा. येल्लापूरनंतरचे जंगल पाहण्यासारखे आहे, आणि ते उजेडातच दिसते.

दुसरा मार्ग कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी, गोवा, कारवार असा आहे. गोव्यात एक रात्र घालवायची असेल तरच तो घ्यावा. गोव्यातून परतताना मद्याच्या बाटल्या घेण्याची अनेकांना सवय असते, परंतु माजाळीच्या नाक्यावर गाड्यांची तपासणी होते, त्यामुळे हा मोह टाळलेला बरा.

रेल्वेने जाणाऱ्यांनी सहलीचा क्रमच उलटा करावा. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून दुपारी सुटणारी मत्स्यगंधा एक्सप्रेस पनवेलला थांबते, म्हणून पुणेकरांना मुंबईत शिरावे लागत नाही. ती कारवार, गोकर्णच्या बाजूला अपरात्री पोहोचते, पण उडुपीला पहाटे पोहोचते. म्हणून थेट उडुपीला उतरावे आणि तिथून उत्तरेकडे सरकत यावे. कारवारहून मडगाव जवळ आहे, आणि मडगावहून लोंढा, बेळगाव, मिरजमार्गे पुण्याला येणारी गोवा एक्सप्रेस मिळते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी हीच मुदत १२० दिवसांची होती आणि अजूनही अनेकांच्या डोक्यात तीच आहे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरपर्यंत चालते, हेही दिवाळीच्या आधी निघणाऱ्यांनी तपासावे.

तिथे पोहोचल्यावर स्थानिक टॅक्सी करावी किंवा स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने घ्यावी. अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असली पाहिजेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देऊ केली तर घेऊ नये, कारण अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. पुण्याहूनच चालकासह गाडी नेणार असाल तर परराज्याचा कर, टोल आणि चालकाचा रात्रीचा मुक्काम यांचा खर्च कोणाकडे आहे, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. सरकारी बस भरपूर आहेत, परंतु कर्नाटकातील रहिवासी महिलांना जून २०२३ पासून साध्या बसमध्ये मोफत प्रवास असल्याने गर्दी असते, आणि ही सवलत महाराष्ट्रातील महिलांना लागू नाही.

तीन मुक्काम पुरेत

सात रात्री हाताशी असतील तर जातानाची आणि येतानाची एकेक रात्र रस्त्यात जाते. उरलेल्या पाच रात्रींत पाच गावे बसवण्याचा प्रयत्न करू नये. गोकर्णला दोन, होन्नावर किंवा मुरुडेश्वरच्या बाजूला एक किंवा दोन आणि उडुपी-मालपेला उरलेल्या, एवढीच विभागणी ठेवावी. पाच रात्री सुट्टीत मिळत नसतील तर गोकर्ण आणि होन्नावर एवढेच करून परतावे. उडुपीसाठी घाईने धावू नये.

गोकर्णला शुक्रवार ते रविवार बंगळूरकरांची गर्दी असते. पुण्याहून शनिवारी निघून रविवारी दुपारी गोकर्णला पोहोचलात तर गर्दी उलट दिशेने निघालेली असते, आणि सोमवार-मंगळवारी किनारे बऱ्यापैकी रिकामे मिळतात. या एका बदलाने भाड्यातही फरक पडतो.

खोली ठरवताना छायाचित्रांवर विसंबू नये. फोन करून विचारायचे प्रश्न साधे आहेत : गाडी दारापर्यंत येते का, की पायऱ्या उतराव्या लागतात? गोकर्णच्या कुडले आणि ओम किनाऱ्यांवरच्या अनेक ठिकाणी वाहन जात नाही आणि सामान घेऊन उतार चढावा लागतो. गुडघेदुखी असेल तर हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वीज गेल्यास जनरेटर आहे का? रेल्वेमार्ग किती जवळ आहे? खिडक्यांना जाळ्या आहेत का? डास या किनाऱ्यावर भरपूर आहेत. रात्रीचे जेवण तिथे मिळते का, की अंधारात गावात जावे लागेल? ‘समुद्राकाठी’ या शब्दाचा अर्थ मालकाच्या लेखी काय आहे, म्हणजे खोलीतून पाणी दिसते की पाच मिनिटे चालावे लागते? या उत्तरांवरून ठिकाणाची आणि माणसाची दोन्हींची ओळख होते. दोघांचीही ओळखपत्रे जवळ ठेवावीत.

काय पाहावे आणि किती पाहावे

कारवारला रवींद्रनाथ टागोरांचे नाव दिलेला किनारा आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे जिल्हा न्यायाधीश होते आणि तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे काही काळ राहिले होते. वाटेत दोन तास थांबून तो किनारा आणि काळी नदीचे मुख पाहावे. नौदलाचा मोठा तळ जवळ असल्याने छायाचित्रे काढताना पाट्यांवरच्या सूचना पाळाव्यात.

गोकर्णला पहिला दिवस देवळासाठी आणि गावासाठी ठेवावा. कोटितीर्थ या पवित्र तलावाभोवतीच्या गल्ल्यांतून सकाळी सातच्या सुमारास फिरावे, मग महाबळेश्वराचे दर्शन घ्यावे. दुसऱ्या दिवशी कुडले किनाऱ्यापासून ओम किनाऱ्यापर्यंतची टेकडीवरची पायवाट चालावी. त्यापुढे हाफ मून आणि पॅरडाइज किनाऱ्यांकडे जाणारी वाट खडकाळ आणि काही ठिकाणी निसरडी आहे. ती सवय असलेल्यांनीच, दिवसाउजेडी आणि पाणी बरोबर घेऊन करावी. परत येताना होडी मिळते, पण ती मिळेलच असे गृहीत धरू नये.

गोकर्णहून कुमठ्याकडे जाताना मिर्जानचा किल्ला लागतो, आणि या संपूर्ण सहलीतील माझ्या सर्वांत आवडीच्या जागांपैकी तो एक आहे. जांभ्या दगडाचे बुरूज, आत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या विहिरी आणि शेवाळलेल्या भिंती असलेल्या या किल्ल्याशी गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिचे नाव जोडलेले आहे. मिऱ्यांच्या व्यापारावरील तिच्या पकडीमुळे पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणत. जवळच अघनाशिनी नदी समुद्राला मिळते. या नदीवर मोठे धरण नाही, म्हणून तिच्या मुखाशी गोड्या-खाऱ्या पाण्याची सरमिसळ अजून नैसर्गिक राहिली आहे. तिथे लोक ओहोटीला शिंपले गोळा करतात आणि खाऱ्या पाण्यात टिकणारा ‘कग्गा’ नावाचा भात पिकवतात. २०२४ साली या मुखाला रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. इथे पाहण्याची ‘स्थळे’ अशी काही नाहीत, पण दोघांनी शांतपणे अर्धा दिवस घालवावा अशी ही जागा आहे.

वाढदिवसाच्या मुक्कामासाठी मी होन्नावर सुचवेन. शरावती नदी इथे रुंद होऊन समुद्राला मिळते, तिच्यात कांदळवनातून होडीने फिरता येते, आणि कोकण रेल्वेचा दोन किलोमीटरहून लांब पूल याच नदीवर आहे. दुपारी साडेचारच्या सुमारास होडी घेतली तर सूर्यास्त पाण्यावरून पाहता येतो. डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, हे लक्षात घेऊन वेळ ठरवावी. कासरकोडच्या किनाऱ्याला ब्ल्यू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारे आंतरराष्ट्रीय मानांकन आहे, त्यामुळे स्वच्छतागृहे आणि स्नानाची सोय चांगली आहे. इडगुंजीचा द्विभुज गणपती इथून जवळ आहे. यक्षगान या इथल्या पारंपरिक नृत्यनाट्याचे प्रयोग साधारण नोव्हेंबर ते मे या काळात रात्री होतात. तुमच्या मुक्कामात जवळपास प्रयोग असेल तर मुक्कामाच्या मालकाला विचारून अवश्य जावे, भाषा कळली नाही तरी वेशभूषा, चंडे नावाचे ढोल आणि नृत्य यांतून कथा पोहोचते. जोगचा धबधबा होन्नावरहून साठेक किलोमीटरवर आहे, पण लिंगनमक्की धरणामुळे हिवाळ्यात त्यात फारसे पाणी उरत नाही. डिसेंबरनंतर केवळ नावासाठी हा फेरा मारू नये.

मुरुडेश्वरची १२३ फूट उंच शिवमूर्ती आणि लिफ्टने वर जाता येणारे गोपुर पाहण्यास दोन तास पुरतात. पुढे मरवंते येथे महामार्गाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. गाडी चालवणाऱ्यालाही ते पाहता यावे म्हणून थांबण्याच्या जागी थांबावे.

उडुपीला मठ, रथबीदी (मठाभोवतीचा रथाचा रस्ता) आणि मालपे यांसाठी दोन दिवस लागतात. मालपेहून होडीने सेंट मेरी बेटांवर जाता येते. लाव्हा थंड होताना बनलेले तिथले षटकोनी खडकस्तंभ देशात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात. सकाळची पहिली होडी घ्यावी, टोपी आणि पाणी न्यावे. बेटावर सावली कमी आहे. दुपारनंतर कापूचे १९०१ साली बांधलेले दीपगृह पाहावे. वेळ असेल तर कारकळची १४३२ सालची गोमटेश्वराची मूर्ती पाहावी. मंगळूर मी या सहलीत घेत नाही. ते मोठे शहर आहे आणि त्याला स्वतंत्र वेळ हवा.

भरती-ओहोटी

पुण्याच्या माणसाला समुद्र संध्याकाळी जसा दिसला तसाच सकाळीही असेल असे वाटते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, पण तो आडाखा इतक्या दक्षिणेला तंतोतंत जुळत नाही, म्हणून त्या त्या गावाचे भरतीचे तक्ते पाहावेत. खडकांवर बसण्यापूर्वी परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही ना, हे पाहावे. जीवरक्षक असतील तिथेच आणि त्यांच्या वेळेतच पाण्यात उतरावे, लाल निशाण असेल तर घोट्यापर्यंतही जाऊ नये, आणि मद्य घेतल्यावर पाण्याजवळ जाऊच नये. होडीत जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे; जोडीदाराला पोहता येत असले तरी त्यालाही घालायला लावावे.

भाषा, देऊळ आणि ताट

उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई प्रांतात होता, आणि दक्षिणेचा भाग मद्रासकडे होता. त्यामुळे कारवार-अंकोल्यात कोकणी आणि मराठी सहज चालते, कुमठ्यानंतर ती कमी होत जाते आणि उडुपीत कन्नड व तुळू ऐकू येते. हिंदी-इंग्रजीवर काम भागते, तरी काही शब्द पाठ असावेत : ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘एल्लि’ म्हणजे कुठे, ‘बेड’ म्हणजे नको, ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘खारा कडिमे’ म्हणजे तिखट कमी. इतके बोलले तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

गोकर्ण आणि उडुपीच्या देवळांत पुरुषांनी सदरा आणि बनियन काढून आत जाण्याची पद्धत आहे. धोतर किंवा लुंगी आणि उपरणे बॅगेत असावे. स्त्रियांनी साडी किंवा अंगभर पोशाख ठेवावा.

मासे खाणाऱ्याला तिथली नावे कळली पाहिजेत : अंजल म्हणजे सुरमई, बंगुडे म्हणजे बांगडा, काणे म्हणजे मुडदुशी, मांजी म्हणजे पापलेट, भूताई म्हणजे तारली, मरवाई म्हणजे तिसऱ्या. कुंदापूरचे घी रोस्ट कोंबडीचे असते आणि नीर डोशाबरोबर, म्हणजे तांदळाच्या पातळ, मऊ डोशाबरोबर, खाल्ले जाते. कोरी रोटीतली रोटी कुरकुरीत आणि कोरडी असते, तिच्यावर कोंबडीचा रस्सा ओतायचा असतो. भात जाड, लालसर, उकड्या तांदळाचा येतो. तो जड वाटला तर ‘बेळतिगे’ म्हणजे पांढरा भात मागावा. स्वयंपाक खोबरेल तेलात असतो, म्हणून पहिल्या दिवशी बेताने खावे. शाकाहारी जोडीदाराची इथे आबाळ होत नाही : गोळी बजे म्हणजे मैद्याची गोल भजी, केळ्याचे गोडसर बन्स, सांबार-भात आणि उडुपीच्या मठातला दुपारचा प्रसाद यांवर दिवस सुखाने जातो. एक मासे खाणारा आणि एक शाकाहारी असाल तर जेवणाच्या जागा आळीपाळीने निवडाव्यात.

खर्च आणि परतीचा प्रवास

स्वतःच्या गाडीने जाऊन-येऊन आणि स्थानिक फिरणे धरून सतराशे-अठराशे किलोमीटर होतात; लिटरला १५ किलोमीटर धरले तर १२० लिटर पेट्रोल लागते. त्यात टोल, सात रात्रींचे मुक्काम, रोजचे जेवण आणि होड्या मिळवाव्यात, आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा वेगळा बाजूला ठेवावा. लहान गावांत आणि होडीवाल्यांकडे रोख रक्कम लागते. यूपीआयचे जाळे सर्वत्र चालतेच असे नाही. मुक्कामांचे पत्ते, गाडीचा क्रमांक आणि तारखा असलेला कागद घरातल्या एका माणसाकडे द्यावा, नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत.

परतताना उडुपीहून भल्या पहाटे निघालात तर दुपारपर्यंत घाट चढून हुबळीला पोहोचता, आणि संध्याकाळी बेळगावला मुक्काम होतो. दुसऱ्या दिवशी बेळगावचा कुंदा घेऊन सकाळीच निघावे. हा शेवटचा दिवस रविवार असेल तर साताऱ्यानंतरची गर्दी दुपारी तीनपासून वाढू लागते. खंबाटकीचा घाट त्याआधी ओलांडता येईल अशा बेताने जेवणाची वेळ ठरवावी.